नाव जैनब असेल तर

बाणकोटच्या धक्क्यावर मुश्ताकभाईंचे वडील तरीची, म्हणजे खाडीतल्या होडीची, तिकिटं फाडायचे. खाडी ओलांडून आलेल्या प्रत्येक अनोळखी माणसाला ते तीन प्रश्न विचारत: कोणाकडे आलास, निघालास कुठून, आणि वाटेत कुठे कुठे उतरलास. मोहल्ल्यातले कमावते पुरुष सगळे आखातात, घरात बायका, पोरं आणि म्हातारी माणसं. तेव्हा धक्क्यावर बसणाऱ्याने चौकशी करायची, ही तिथली रीतच होती. नाव काय, कोणीही कोणाचंही सांगेल. पण तिन्ही उत्तरं एकमेकांना धरून नसली की म्हातारा त्या माणसाला त्याच तरीने परत पाठवायचा, आणि वर परतीचं तिकीटही घ्यायला लावायचा.

मुश्ताकभाई दुबईत हेच काम करतात. अल क्वोजमध्ये टाइल्स आणि नळ विकणाऱ्या एका कंपनीचं ईमेल ते सांभाळतात. आले तेव्हा त्याच कंपनीच्या गोदामात खोकी उचलत होते. मग एकदा ऑफिसातला माणूस सुटीवर गेला, यांना कम्प्युटरसमोर बसवलं, आणि हे तिथेच राहिले. रोज हजारो मेल येतात, त्यातले निम्मे भामट्यांचे. लॉटरी लागली, बँक खातं बंद होणार, साहेबांनी तातडीने पैसे पाठवायला सांगितलेत. ही सगळी वरात दारातच ओळखायची आणि कचऱ्यात टाकायची.

ओळखायची कशी, तर मेलमधला मजकूर वाचून नाही. मजकूर गोडच असतो. प्रत्येक मेलच्या मागे एक हेडर असतो, आपल्याला एरवी न दिसणारा. मेल कुठून निघाला, कोणत्या कोणत्या यंत्रांवरून आला, उत्तर दिलं तर कुठे जाईल, सगळं त्यात लिहिलेलं असतं. नाव एकाचं, पत्ता दुसऱ्याचा, उत्तर जाणार तिसऱ्याकडे, आणि निघाल्याची तारीख उद्याची, असं दिसलं की मुश्ताकभाई त्या नमुन्याचा एक नियम लिहून ठेवतात. पुढच्या वेळी तसल्या मेलची गाठ त्या नियमाशी पडते.

"सासऱ्यांचा धक्काच हा," जैनब म्हणायची. "फक्त एसीत."

जैनब त्यांची बायको. आणि माझी मैत्रीण. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमची दारं समोरासमोर आहेत. मी महाडची, ती म्हसळ्याची. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये तिने मला विचारलं, "महाड? तिथल्या स्टँडवरचा वडापाव अजून तसाच तेलकट आहे का?" मी म्हटलं, तुमच्या म्हसळ्यात वडापाव तरी मिळतो का. झालं, तिथून आमची जी जुंपली ती नऊ वर्षं चालली. माझी जीभ तिखट आहे असं माझा नवरा सुदेश म्हणतो, आणि ते खरंच आहे. पण जैनबपुढे मी बारा वेळा हरले असेन.

ती एका शाळेत फ्रंट डेस्कवर होती. डेस्कवर फोन वापरायची बंदी, म्हणून ती नवऱ्याला ईमेल करायची. मुश्ताकभाईंनी घरच्यांसाठी घरातल्याच एका मशीनवर स्वतःचं ईमेल चालवलं होतं. त्यावर त्यांचं घर, आमचं घर आणि गावाकडची चार-दोन घरं. "वर्षाला साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये," जैनब मला सांगायची, "तेवढ्यात पापलेट येतं." पण त्या ईमेलवर सगळ्यात जास्त मेल तिचेच.

आणि तिची पद्धत अशी, की सगळं काही विषयाच्या ओळीत. खाली पान कोरं. इंग्रजी अक्षरांत मराठी: दूध संपलं, पोरीची सायकल पंक्चर, येताना पुदिना, जेवलात? हे शेवटचं 'जेवलात?' प्रत्येक मेलला असायचंच, सकाळचे दहा वाजलेले असोत नाहीतर दुपारचे चार. कधी स्वतःच्या खात्यावरून, कधी शाळेच्या, कधी फोनवरून, कधी माझ्या घरी बसून माझ्या लॅपटॉपवरून. आता, कोरं पान, विषयात गर्दी, आणि पत्ता रोज वेगळा, म्हणजे भामट्याच्या मेलचीच सगळी लक्षणं. मुश्ताकभाईंचे स्वतःचे नियम त्यांच्याच बायकोला कचऱ्यात टाकायचे. मग संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "मी दूध सांगितलं होतं." "मेल आलाच नाही." "मी पाठवला होता." "आलाच नाही, अल्लाची कसम."

शेवटी वैतागून त्यांनी सगळ्या नियमांच्या डोक्यावर एक नवा नियम लिहिला. नाव जैनब असेल तर येऊ दे, पुढे काही तपासू नको. हा अगदी अडाणी नियम होता. नावावर विश्वास ठेवायचा नाही हे ज्या माणसाने जन्मभर सगळ्यांना शिकवलं, त्याने बायकोपुरता तो धडा पुसून टाकला. जैनबने मला हाताला धरून नेलं आणि स्क्रीनवर ती ओळ दाखवली. "लोकांचे नवरे सोनं घेतात," ती म्हणाली. "माझ्याने हे लिहिलं." तोंड वाकडं केलं होतं, पण खूश होती.

मागच्या वर्षी मार्चमध्ये शाळेच्या डेस्कवरच तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला. शाळेचा फोन यायच्या आधी तिचा त्या दिवसाचा मेल येऊन गेला होता, म्हणून मुश्ताकभाई हॉस्पिटलात पोचले तेव्हा त्यांच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली, आणि रात्री मी ती उचलून आणली. फेकवेना. तशीच फ्रीजमध्ये ठेवली आणि काळी पडल्यावर सुदेशने गुपचूप टाकून दिली.

तिला अल क्वोजच्या कब्रस्तानात दफन केलं. मुश्ताकभाईंचं ऑफिस तिथून गाडीने जवळच. रोज जाता-येता तो रस्ता लागतो. लोक म्हणाले, सबर करा, वेळ जाऊ द्या. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. वेळ जातो म्हणजे काय होतं, हे मला एकानेही सांगितलं नाही. माझं विचाराल तर मी अजूनही दुपारी दाराची बेल वाजली की वाटीभर साखर मागायला तीच आली असेल असं समजून उठते.

या जानेवारीत मी सुपरमार्केटमध्ये तांदूळ बघत होते. फोन वाजला. मेल होता. नाव: जैनब मुश्ताक. विषय: आर यू देअर?

मी तिथेच तांदळाच्या गोण्यांवर बसले. एक फिलिपिनो मुलगी येऊन मला पाणी देऊन गेली. अक्कल होती मला, मेलेली माणसं मेल करत नाहीत हे कळत होतं, पण हाताला कळत नव्हतं. तो फोन सोडत नव्हता.

संध्याकाळी मुश्ताकभाईंना दाखवला. दारातच उभं राहून त्यांनी हेडर उघडला आणि वाचला. "वहिनी, नाव काय, कोणीपण लावेल," ते म्हणाले. "गावाकडे कोणाचा तरी फोन हॅक झाला असणार, त्यातून सगळ्यांची नावं गेली. हे बघा, पत्ता भलताच. रिप्लाय जाणार तिसरीकडे. एकदम साधी केस आहे."

"मग बंद करा."

"करतो. इन्शाल्ला, शनिवारी."

शनिवार आला आणि गेला. त्यानंतरचेही गेले. मेल येतच राहिले, आठवड्याला एखादा. मी विचारलं की ते म्हणत, ऑफिसात काम आहे, बघतो, करतो. ताकास तूर लागू देईनात. पण मला कारण माहीत होतं. दुसरा कुठलाही भामटा त्यांच्या धक्क्यावर उतरू शकला नसता. हा उतरत होता, कारण त्याने जैनबचं नाव घेतलं होतं, आणि ते नाव घेतलं की पुढे तपासायचं नाही असा हुकूम डोक्यावर लिहिलेला होता. भामट्याला अडवायचं तर ती ओळ पुसायला हवी होती.

एक दिवस माझा तोल गेला. "तुमचे अब्बा धक्क्यावर असं वागले असते का?" मी म्हटलं.

त्यांनी वाकून बूट काढले. मग म्हणाले, "अब्बांनी सगळ्यांना विचारलं, वहिनी. पण अम्मी तरीने आली, तर तिला कधी तिकीट विचारलं नाही."

मी घरात आले आणि कांदा चिरायला घेतला.

अरफा त्यांची मुलगी, अकरा वर्षांची. शाळा सुटली की मुश्ताकभाई येईपर्यंत ती माझ्याकडे असते. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते, तिथेच टेबलाच्या कडेला ती स्वतःचा अभ्यास करते. आई गेल्यापासून पोर शहाण्यासारखी वागत होती, आणि मला त्याचीच भीती वाटायची. रडत नाही, मागत नाही, ताट घासून ठेवते. जैनबची मुलगी आणि वाद घालत नाही, हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

मार्च लागला होता. शिकवणीची मुलं गेली, मी चहा टाकत होते. अरफाने टॅबवरून मान वर न करता विचारलं, "मावशी, गिफ्ट कार्ड कुठे मिळतं?"

"कोणाला हवंय? वाढदिवस आहे का कोणाचा?"

"अम्मीला."

मी गॅस बंद केला. तिच्या शेजारी बसले. तिने टॅब लपवला नाही, माझ्याकडे सरकवला. महिनाभराचे मेल होते. इंग्रजीत होते, मी मराठीत सांगते.

तिकडून: आहेस का? इकडून: हो अम्मी. तिकडून: मी मीटिंगमध्ये आहे, फोनवर बोलता येणार नाही, एक काम करशील? इकडून: करीन. मला माहीत आहे तुला बोलता येत नाही. तिकडून: मला आजच गिफ्ट कार्ड हवंय. इकडून: माझ्याकडे पैसे नाहीत. मला मॅथ्समध्ये ए मिळाला. तिकडून: ओके डिअर, कार्ड कधी मिळेल? इकडून: अब्बू भात करायला शिकले, पण गिच्च होतो. तिकडून: कार्डच्या मागचा नंबर खरवडून फोटो पाठव. इकडून: तू रागावलीस का?

त्याच्यावर अजून उत्तर आलेलं नव्हतं. म्हणून कार्ड.

मला त्या पलीकडच्या माणसाला शिव्या द्यायच्या होत्या आणि माझ्याकडे महाडच्या भरपूर आहेत. पण समोर ती बसली होती. मी इतकंच म्हटलं, "अरफा, बाळा, हे..."

"आय नो, मावशी," ती म्हणाली. "इट्स नॉट हर. आय चेक्ड द हेडर. अब्बूने शिकवलंय मला."

"मग उत्तर कशाला देतेस?"

"बिकॉज शी आस्क्स." मग टॅब पालथा ठेवत, "एव्हरीवन एल्स जस्ट टेल्स मी टू बी स्ट्राँग."

त्यात मीही होते. मीच तर म्हणायचे, शहाणी ना तू.

मुश्ताकभाई आले तेव्हा टॅब मी त्यांच्या हातात दिला. पॅसेजमध्ये उभं राहून त्यांनी पहिल्यापासून वाचलं. भाताच्या ओळीपाशी ते थांबले. मग चपलांच्या रॅकवर बसले, तो रॅक माणूस बसण्याजोगा नाही, एका बाजूने वाकला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. मला वाटायचं मलाही कळतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून समजलं, मला निम्मंसुद्धा कळलेलं नव्हतं.

"मी दार उघडं ठेवलं तिच्यासाठी," ते म्हणाले, "आणि माझ्या पोरीकडे चोर येऊन बसला."

पुढचा शुक्रवार. ऑफिस अर्धा दिवस. जुम्म्याची नमाज झाल्यावर ते सरळ घरी आले आणि मला बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी अरफा. मला वाटलं होतं ते पोरीला झोपवून, गुपचूप ती ओळ पुसून टाकतील. मी असते तर तेच केलं असतं. पण त्यांनी तिला खुर्ची जवळ ओढायला सांगितली.

"ही बघ, ही तुझ्या अम्मीची ओळ," ते म्हणाले. "ही आज काढायची आहे. तुला विचारल्याशिवाय नाही काढणार."

अरफाने ओळ वाचली. ओठ हलवत वाचली. "इफ यू रिमूव्ह इट, तर अम्मीचं नाव आलं की ट्रॅशमध्ये जाणार?"

"नाव तेवढंच असेल तर जाणार."

"अँड इफ इट्स रिअली हर?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. खालच्या बागेत माळी नळी फिरवत होता. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी समजुतीचं बोलेल, जन्नतचं, सबरचं, आणि ही पोर पुन्हा ताट घासायला जाईल.

मुश्ताकभाई टाइप करायला लागले. एकेक शब्द बोलत. "नाव जैनब. आणि पत्ता तिचा नाही. तर कचऱ्यात." मग खाली दुसरी ओळ. "नाव जैनब. पत्ता तिचाच. निघाला आपल्याच मशीनवरून. तर येऊ दे." त्यांनी अरफाकडे बघितलं. "तिचं खातं मी बंद केलेलं नाही. करणारपण नाही. ती आली, तर येईल."

अरफाने मान हलवली. मग तिने स्वतः जुन्या ओळीवर बोट ठेवलं, मुश्ताकभाईंनी ती पुसली. मला वाटलं, झालं, खलास.

पण त्यांची एक सवय आहे. नियम लिहिला की तो तपासून बघितल्याशिवाय ते उठत नाहीत. ऑफिसात काय आणि घरी काय. आधी त्यांनी ऑफिसच्या एका खात्यावरून, वर जैनबचं नाव लावून, एक मेल पाठवला. आम्ही बघत बसलो. तो आला नाही. कचऱ्यात सापडला.

"आता दुसरी ओळ," ते म्हणाले आणि कीबोर्डवरचे हात काढून घेतले. दुसरी ओळ तपासायची तर मेल जैनबच्या खात्यावरून जायला हवा होता. मार्चपासून, म्हणजे मागच्या मार्चपासून, ते खातं कोणी उघडलं नव्हतं. त्यांनी उघडलं. पासवर्ड दोनदा चुकला. आत पाठवलेल्या मेलची रांग होती, सगळ्यात वरती कोथिंबीर.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. एरवी ते 'टेस्ट' लिहितात.

अरफाने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. पान कोरं ठेवलं. विषयाच्या ओळीत, इंग्रजी अक्षरांत मराठी, एकच शब्द लिहिला, आणि पाठवून दिला.

मुश्ताकभाईंचा फोन टेबलावर वाजला. नाव: जैनब मुश्ताक. विषय: जेवलात?

त्यांनी सवयीने हेडर उघडला आणि नेहमीच्या आवाजात वाचायला लागले, कुठून निघाला, कुठे कुठे थांबला, उत्तर कुठे जाणार. नाव तिचं. पत्ता तिचा. निघाला याच घरातून. "सगळं जुळतंय," ते म्हणाले, आणि मग ते रडले. वर्षभरात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. अरफाही रडली, मोठ्याने, हट्टी पोरासारखी, जशी तिने केव्हाच रडायला हवं होतं.

ते शांत झाल्यावर त्यांनी फोन उचलला. इतक्या वर्षांत जैनबच्या त्या प्रश्नाला त्यांनी कधी उत्तर पाठवलं नव्हतं. दूध आणायचे, पुदिना आणायचे, पण जेवलात याला काय उत्तर द्यायचं, घरी तर येणारच होतो, असं ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, अजून नाही. आणि पाठवलं.

मी उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुवायला घेतले. टेबलावर लॅपटॉप उघडाच होता, त्यात तिचं खातं. त्यांचं उत्तर तिथे सगळ्यात वर येऊन पडलं, न वाचलेल्या मेलसारखं ठळक अक्षरांत. मुश्ताकभाईंनी ते उघडलं नाही, अरफानेही नाही. ते तिचं आहे. अजून तसंच ठळक आहे.